जागेवरची सायकल आणि पहिला दिवस

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



कणीक मळत असाल, शेळ्या बांधत असाल, नाहीतर गटाचं रजिस्टर पुढ्यात घेऊन बसला असाल. जिथं असाल तिथून जरा कान इकडे द्या. आजचा विषय ऐकून आधी हसू येईल. तरी शेवटपर्यंत ऐका, कारण यातली एक गोष्ट तुमच्या घरातल्या एखाद्या पोरीच्या किंवा पोराच्या जिवाशी संबंध असलेली आहे.

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले आणि मग गप्पा निघाल्या. गटातल्या एका ताईंची मुलगी पुण्याला ‘इनडोअर सायकलिंग स्टुडिओ’त कामाला लागली आहे. येणाऱ्या गिऱ्हाइकांची नावं नोंदवायची, पैसे घ्यायचे, नवीन माणसाला सगळं दाखवायचं, असं तिचं काम. ताई म्हणाल्या, “पोरगी सांगते, एका खोलीत वीस-पंचवीस सायकली असतात. माणसं पाऊण तास पायडल मारतात, घामानं भिजतात आणि जिथं चढली तिथंच उतरतात. सायकल इतभर पुढं जात नाही. मग पैसे कशाचे देतात?”

सगळ्या खो खो हसल्या. एक मावशी म्हणाल्या, “आमच्या खुरपणीला पाठवा त्यांना, फुकटात घाम काढून देऊ.”

पण ताईंचा प्रश्न आम्हाला सोडवेना. पैसे कशाचे देतात? गटाचा धंदा चालवणाऱ्या प्रत्येक बाईनं हा प्रश्न स्वतःच्या गिऱ्हाइकाबद्दल विचारायला हवा. म्हणून ती मुलगी सुटीला आली तेव्हा तिला चहाला बोलावून आम्ही सगळं विचारून घेतलं. बाकीची माहिती वाचून जमवली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

ही सायकल असते तरी कशी

आपल्या सायकलीला दोन चाकं. हिला एकच, तेही बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. ते चाक म्हणजे लोखंडाची जड चकती, साधारण १५ ते २० किलोची. साखळीनं किंवा पट्ट्यानं ती पायडलला जोडलेली असते. सांगाडा जमिनीवर घट्ट उभा असतो. हँडलच्या खाली एक गोल मूठ असते. ती उजवीकडे फिरवली की चकतीवर दाब येतो आणि चढ लागल्यासारखं पायडल जड होतं. डावीकडे फिरवली की हलकं होतं, उतार लागल्यासारखं.

आता नीट ऐका. आपल्या रोजच्या सायकलीला फ्रीव्हील असतं. उतारावर पाय थांबवले तरी चाक टिकटिक करत फिरत राहतं. स्टुडिओतल्या बहुतेक सायकलींना हे नसतं. चकती फिरतेय तोवर पायडलही फिरणार आणि पायाला आपल्याबरोबर ओढणार. जातं आठवा. एकदा गती आली की हात मध्येच थांबवता येत नाही, खुंटाच हाताला ओढतो. तसंच हे. थांबायचं असेल तर आधी वेग कमी करायचा, मग ती मूठ दाबायची, म्हणजे ब्रेक लागतो. सायकल येते म्हणून बिनधास्त बसलेली बाई पहिल्या दिवशी इथंच दचकते.

तासिका पाऊण तासाची. समोर शिकवणारी ताई किंवा दादा, मोठ्या आवाजात गाणी, दिवे मंद. शिकवणारी सांगेल तसं कधी बसून, कधी उभं राहून पायडल मारायचं. मूठ किती फिरवायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यामुळे वीस वर्षांची मुलगी आणि साठीच्या आजी शेजारी शेजारी बसून एकच तासिका करू शकतात. रस्त्यावर मागं पडण्याची भीती असते. इथं मागं पडायला जागाच नाही.

हे निघालं कुठून

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये जॉनी गोल्डबर्ग नावाचे एक सायकलपटू होते. जन्म दक्षिण आफ्रिकेतला. सगळे त्यांना ‘जॉनी जी’ म्हणत. अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं ओलांडायच्या शर्यतीची ते तयारी करत होते. रात्री रस्त्यावर सराव करणं धोक्याचं आणि घरी बायको गरोदर. म्हणून त्यांनी १९८० च्या दशकात घरातच जागेवरची सायकल तयार केली. मग ओळखीचे लोक येऊन बसू लागले, त्याचा वर्ग झाला आणि त्याला ‘स्पिनिंग’ हे नाव पडलं. १९९० च्या दशकात श्विन या सायकल कंपनीनं या सायकली मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतल्या आणि जगभरच्या व्यायामशाळांत त्या पोहोचल्या.

त्या काळी व्यायामशाळेची महिन्याची वर्गणी भरली की सायकलीचा वर्ग त्यातच मिळायचा. मग २००६ साली न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ कटलर, ज्युली राइस आणि रूथ झुकरमन या तीन बायकांनी मिळून ‘सोलसायकल’ नावाचा स्टुडिओ काढला. जागा मिळाली ती एका इमारतीच्या आतल्या अंगाला, बाहेर पाटी लावायची परवानगी नाही. मग त्यांनी एक सायकलरिक्षा विकत घेतली, तिच्यावर स्टुडिओचं नाव रंगवलं आणि ती दारात उभी केली. तीच पाटी! गटाच्या धंद्याला जागा आतल्या गल्लीत मिळाली म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरीकडे वर्गणीत मिळणाऱ्या गोष्टीसाठी इथं लोक एकेका तासिकेला तीस डॉलरच्या आसपास मोजू लागले. सायकल तीच, चकती तीच. मग फरक कशात होता? आत पाऊल टाकलं की नावानं हाक मारणारं माणूस होतं. दिवे मंद, मेणबत्त्या लावलेल्या, त्यामुळे कोण कसं दिसतंय याची धास्ती नाही. आणि तासिका संपल्यावर शिकवणारी व्यक्ती आवर्जून बोलायची.

पुढची गोष्ट आणखी शिकण्यासारखी आहे. त्या तिघींपैकी रूथ झुकरमन बाहेर पडल्या आणि २०१० साली त्यांनी इतरांबरोबर ‘फ्लायव्हील’ नावाचा दुसरा स्टुडिओ काढला. तिथं नेमकं उलटं. प्रत्येक सायकलीवर आकडे दिसायचे: वेग किती, जोर किती. ज्यांची तयारी असेल त्यांचे आकडे पुढच्या पडद्यावर क्रमानं झळकायचे. तिथंही गर्दी झाली. म्हणजे काही माणसांना अंधारात, कुणी मोजत नाही अशा ठिकाणी बरं वाटतं, तर काहींना आपला आकडा वर गेलेला बघून हुरूप येतो. आपल्या गटातही आहेच की. एखादीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली की ती फुलते, दुसरी लाजून पुढच्या बैठकीला येतच नाही. कुणाला काय चालतं हे विचारल्याशिवाय कळत नाही.

हेही सांगायला हवं की पुढे या धंद्याला मोठा फटका बसला. २०२० मध्ये करोनानं बंद खोल्यांना कुलपं लागली, लोकांनी घरीच सायकली घेतल्या. फ्लायव्हीलचं दिवाळं निघालं आणि सोलसायकलनं २०२२ मध्ये सुमारे पाव शाखा बंद केल्या. नाव झालेला धंदासुद्धा एकाच खोलीवर अवलंबून असेल तर डगमगतो.

येणाऱ्या बायका काय सांगतात

आता पुण्याच्या त्या मुलीनं सांगितलेलं. गिऱ्हाइकं कोण असतात विचारलं, तर ती म्हणाली, निम्म्याहून जास्त बायका. बँकेत जाणाऱ्या, संगणकावर काम करणाऱ्या, शिक्षिका, घर सांभाळणाऱ्या.

पहिली गोष्ट भीतीची. दारापर्यंत येऊन काचेतून आत बघून परत जाणाऱ्या बायका तिनं पाहिल्या आहेत. फोनवर त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले. “माझं वजन जास्त आहे, चालेल का?” “सगळे माझ्याकडे बघतील का?” “मध्येच थांबले तर ओरडतील का?” सायकल कुठल्या कंपनीची आहे, हे जवळपास कुणीच विचारत नाही.

दुसरी गोष्ट दुखण्याची. पहिल्या दोन-तीन वेळा बैठकीच्या जागी चांगलंच दुखतं. सीट अरुंद आणि कडक असते. हे पुढे कमी होतं, पण कुणी आधी सांगितलं नसेल तर बाईला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, आणि ती दुसऱ्यांदा फिरकत नाही. गुडघा दुखत असेल तर मात्र सोसायचं नाही. पुष्कळदा सीट खाली राहिलेली असते. सायकलीच्या शेजारी उभं राहून बघायचं, सीट साधारण कमरेच्या हाडाच्या उंचीला आली पाहिजे. वर बसल्यावर पायडल अगदी खाली गेलं की गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पूर्ण ताठ नको आणि फार दुमडलेलाही नको. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी हँडल वर घ्यायचं. हे करून द्यायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं जिथं देतात तिथं बाई टिकते, असं त्या मुलीचं म्हणणं.

तिसरी गोष्ट कपड्यांची आणि बुटांची. काही ठिकाणी पायडलमध्ये अडकणारे खास बूट देतात. बूट अडकला की बाई घाबरते, पाय सुटेल का म्हणून. टाच बाहेरच्या बाजूला झटक्यानं वळवली की तो सुटतो. चालू करायच्या आधी दोन-तीनदा अडकवून सोडवून बघायचं. ओढणी काढून ठेवायची आणि सैल सलवार घालायची नाही. फिरत्या पायडलमध्ये कापड गुंतलं तर काय होतं ते मळणीयंत्रावर काम केलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

चौथी गोष्ट आवाजाची. गाणी फार मोठ्यानं लागतात. काहींना त्यानंच जोर चढतो, काहींचे कान नंतर बराच वेळ सुन्न राहतात. अशा वेळी सरळ कानात घालायचे बोळे मागायचे. चांगल्या ठिकाणी ते ठेवलेले असतात.

पाचवी गोष्ट बोलण्याची. एका नवीन बाईला शिकवणाऱ्यानं सगळ्यांसमोर माईकवरून विचारलं, “मॅडम, दमलात का इतक्यात?” त्याला वाटलं गंमत केली. बाईंनी भरलेले पैसे तसेच सोडून दिले आणि पुन्हा आल्या नाहीत.

आणि मग आनंदाची गोष्ट. पन्नाशीच्या एक बाई आठवड्यातून तीनदा येतात. घरी सासूबाई अंथरुणावर, मुलाची परीक्षा, नवऱ्याची फिरतीची नोकरी. आत जाताना त्या फोन कपाटात ठेवून कुलूप लावतात. एकदा पैसे भरताना त्या त्या मुलीला म्हणाल्या, “या पाऊण तासात मला कुणी हाक मारत नाही.”

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. पैसे त्या सायकलीचे देत नाहीत. कुणी हाक मारणार नाही अशा पाऊण तासाचे देतात. आपल्याकडे बायका पायपीट करून गटाच्या बैठकीला येतात, तेव्हा त्यातही थोडं हेच असतं. हप्ता कुणाच्याही हाती पाठवता आला असता.

चारचौघींच्या सोबतीनं पहिली भीती जाते, हे काही शहरानं शोधून काढलेलं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर खेड्यापाड्यातल्या हजारो बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी ते काम मनावर घेतलं. एकटी बाई रस्त्यावर पडली असती तर लोक हसले असते. पण शेकडो बायका एकदम मैदानात उतरल्यावर हसणार कोण?

पहिल्याच दिवशीचा धोका

आता सुरुवातीला म्हटलं होतं ती जिवाची गोष्ट. कृपा करून लक्ष द्या.

बरेच स्टुडिओ पहिली तासिका फुकट ठेवतात. फुकट आहे, एकदाच आहे, मग सगळी ताकद लावून घेऊ, असं माणसाला वाटतं. शेजारची जोरात मारतेय, गाणं जोरात आहे, शिकवणारा “आणखी, आणखी” म्हणतोय. सवय नसलेल्या मांड्यांवर एकदम एवढा ताण आला की स्नायूंचे तंतू तुटतात. थोडं तुटणं रोजच्या व्यायामातही होतं, त्यानंच अंग दुखतं. पण फार तुटलं तर स्नायूतला मायोग्लोबिन नावाचा घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात अडकून त्यांचं काम बिघडवतो. या आजाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, खुणा विसरू नका.

२०१७ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्क भागातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले. सायकलीच्या तासिकेनंतर हा आजार झाल्याच्या आधीच्या ४६ नोंदी त्यांनी तपासल्या. त्यातले ४२ जण पहिल्याच तासिकेनंतर आजारी पडले होते. एवढे लोक सायकल चालवतात, त्या मानानं हा आजार क्वचित होतो. पण ज्यांना झाला त्यांतल्या बहुतेकांचा तो पहिला दिवस होता.

खुणा अशा. व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत मांड्या प्रचंड दुखतात, नेहमीच्या दुखण्यापेक्षा खूपच जास्त. मांड्या सुजतात, कडक होतात, जिना उतरवत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे लघवीचा रंग काळ्या चहासारखा गडद होतो किंवा लघवी फारच कमी होते. असं दिसलं तर तेल लावून मालिश करत बसू नका. दुखण्यावरची गोळी दुकानातून आणून घेऊ नका, काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. सरळ दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना सांगा की अमुक दिवशी असा व्यायाम केला होता. वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक माणसं बरी होतात.

हे आम्ही इतकं घोळवून का सांगतोय? कारण हा आजार सायकलीपुरता नाही. आपल्या गावात पोलीस भरती निघाली की पोरंपोरी सहा महिने बसून राहिल्यावर एकदम पहाटे उठून मैलच्या मैल पळायला लागतात, शे-दोनशे उठाबशा काढतात, तेही उन्हात आणि पाणी न पिता. शाळेत एखाद्या मुलाला शिक्षा म्हणून शंभर उठाबशा काढायला लावतात. तिथंही हेच होऊ शकतं. पोराची लघवी काळपट झाली म्हणून कुणी सांगितलं तर “ऊन लागलं असेल” म्हणून सोडून देऊ नका.

तुमची मुलगी, सून, बहीण शहरात अशा स्टुडिओत पहिल्यांदा जाणार असेल तर तिला एवढं सांगा. पहिल्या दिवशी मूठ हलकीच ठेव. मध्ये दोन-चारदा विश्रांती घे. पंधरा-वीस मिनिटांनी उतरलीस तरी लाज नाही. पाणी पी. छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यापुढे अंधारी आली तर लगेच थांब. गरोदर असेल, रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार. आणि ज्या ठिकाणी “पहिल्यांदाच आलात का?” एवढंही विचारत नाहीत, तिथून परत ये.

पैसे आधी भरताना

आता हिशेब. स्टुडिओत एकेका तासिकेचे पैसे जास्त असतात. दहा-वीस तासिका एकदम घेतल्या की स्वस्त पडतं. पण त्याला मुदत असते. मूल आजारी पडलं, गावाकडे जावं लागलं, की राहिलेल्या तासिका बुडाल्या. अमेरिकेत सोलसायकलवर याच कारणानं २०१५ साली ग्राहकांच्या वतीनं दावा लागला. तिथल्या कायद्याप्रमाणे भेटकार्डाची मुदत पाच वर्षांच्या आत संपवता येत नाही, आणि या तासिकाही तशाच आगाऊ विकलेल्या, असं म्हणणं होतं. २०१७ मध्ये कंपनीनं तडजोड केली.

आपल्याकडे नियम वेगळे आहेत, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा वस्तूंप्रमाणे पैसे देऊन घेतलेल्या सेवेलाही लागू होतो. शिवणक्लास, संगणक क्लास, पार्लरचा कोर्स, व्यायामशाळा, सगळं त्यात आलं. म्हणून पैसे आधी भरताना तीन गोष्टी लिहून घ्या: मुदत किती, आजारपणात ती वाढते का, आणि सोडायचं झालं तर पैसे परत मिळतात का. पावती घ्या. नुसतं तोंडी “होईल हो ताई” यावर विसंबू नका. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथं मराठीतही बोलता येतं.

आपल्या गटासाठी काय

तुम्ही म्हणाल, आमच्या गटाची गिरणी आहे, मसाला आहे, खानावळ आहे, आम्हाला सायकलीचं काय? आमचं म्हणणं, पहिल्या दिवसाचं बघा.

आमच्या भागात एका गटानं शिवणवर्ग चालवला आहे. नवीन मुलगी पायमशीनवर बसते तेव्हा पायडल उलटं जातं, दोरा तुटतो, सुई मोडते, बाकीच्या बघत असतात. तिथल्या शिकवणाऱ्या ताई पहिल्या दिवशी मशीनमध्ये दोरा ओवूच देत नाहीत. वहीचा रेघांचा कागद देतात आणि म्हणतात, रिकाम्या सुईनं रेघेवरून चालव. दोरा नाही त्यामुळे तुटायची भीती नाही. कागद वाया गेला तर रद्दीतला. स्टूल कमी-जास्त करून देतात, पाय पुरतो का बघतात. आठवडाभरानं पायाला लय सापडली की मग दोरा आणि कापड. त्या वर्गातून मधेच सोडून जाणाऱ्या मुली फार थोड्या. पुण्यातला चांगला स्टुडिओ लाखोंच्या सायकली ठेवून जे करतो, तेच या ताई वहीच्या कागदावर करतात.

तसं आपल्या प्रत्येक धंद्यात बघता येईल. खानावळीत पहिल्यांदा जेवायला आलेल्या माणसाला तिखट किती चालतं हे विचारतो का? मसाल्याचं नवीन गिऱ्हाईक आलं तर थेट किलोभर देतो की आधी शंभर ग्रॅमची पुडी घेऊन बघा म्हणतो? गिरणीवर पहिल्यांदा आलेल्या सुनेला दळण जाड हवं की बारीक, हे दळायच्या आधी विचारतो की नंतर? आणि गटात नवीन बाई आली की पहिल्याच बैठकीत तिच्यापुढे कर्जाचे नियम आणि दंडाचे आकडे टाकतो, की आधी तिचं नाव विचारून तिला शेजारी बसवून घेतो?

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढून प्रत्येकीनं सांगायचं: मी या गटात पहिल्यांदा आले त्या दिवशी मला कशाची भीती वाटली होती, आणि कुणाच्या कुठल्या वागण्यानं ती गेली. सचिव ताईंनी ते रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घ्यावं. नवीन बाई गटात आली की तेच पान काढून बघायचं.

आणि घरात कुणी भरतीची तयारी करत असेल, शहरात व्यायामाला जाणार असेल, तर आज रात्री जेवताना त्या लघवीच्या रंगाची गोष्ट तिच्या-त्याच्या कानावर घाला. जेवताना कसं बोलायचं म्हणून संकोच वाटला तर जेवण झाल्यावर सांगा, पण आजच सांगा.

येतो आम्ही. नमस्कार!